उपकारपेटीतलं अक्षर

आमच्या चर्चमध्ये दाराच्या उजव्या हाताला एक लाकडी पेटी आहे. वर फट, खाली कुलूप. तिच्यावरची 'उपकारपेटी' ही अक्षरं मीच रंगवलीत. पद्धत अशी, की महिनाभरात देवाने आपलं जे काही भलं केलं असेल ते चिठ्ठीवर लिहायचं, नाव घालायचं नाही, आणि चिठ्ठी पेटीत सोडायची. महिन्याच्या शेवटच्या रविवारी, प्रभुभोजनाच्या आधी, पाळक एकेक चिठ्ठी मोठ्याने वाचतात. प्रत्येक चिठ्ठीनंतर अख्खी मंडळी एका सुरात म्हणते, "देवाचे उपकार!"

नाव घालायचं नाही हा नियम ज्याने केला तो फारच भला माणूस असणार. माझ्यासारखी माणसं जगात असतात हे त्याच्या ध्यानातच आलं नसावं.

मी पाट्या रंगवतो. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या. सगळे मला पेंटर म्हणतात. पंचवीस वर्षं अक्षरांत हात घातल्यावर कुणाचंही अक्षर एकदा बघितलं की माझ्या बोटांत शिरतं. आता असं बोटांत शिरलेलं अक्षर माणसाला स्वस्थ बसू देईल का?

"देवाचे उपकार, की किल्लीमामांची कवळी या वेळी शेवटच्या कडव्यापर्यंत तोंडातच राहिली." ही माझी. किल्लीमामा म्हणजे आमच्या मंडळीचा कारभार बघणारे वडीलधारे, पेटीची आणि चर्चची किल्ली त्यांच्या कमरेला असते, म्हणून ते नाव. चिठ्ठी वाचल्यावर सवयीने सगळ्यात मोठ्याने "देवाचे उपकार!" तेच ओरडले, आणि मग त्यांच्या डोक्यात उजेड पडला. "देवाचे उपकार, की मागचं प्रवचन पाऊण तासात आटोपलं." हीसुद्धा माझीच. त्या दिवशी मंडळीचा आवाज छताला लागला होता. उपासना सुटली की फाटकापाशी सगळे मला घेरायचे. "पेंटर, तूच ना रे?" मी म्हणायचो, "मी? मला तर रंगवता येतं, लिहिता कुठं येतं?" हसण्यावारी जायचं. पाळकही हसायचे.

मग मी पावदादाची चिठ्ठी लिहिली.

पावदादा म्हणजे कोपऱ्यावरचा बेकरीवाला. माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठा, सडपातळ, डावरा, बोलणं मोजून मापून. प्रभुभोजनाची मोठी गोल भाकर दर महिन्याला तोच भाजून आणायचा. त्यासाठी शनिवारी दुपारी वेगळं पीठ, वेगळं पातेलं. नखं कापायची, कोपरापर्यंत हात तीनदा धुवायचे, आणि भाकर भट्टीत जाईपर्यंत कुणाशी अवाक्षर बोलायचं नाही. कुणी सांगितलं नव्हतं त्याला असं करायला. एकदा मी त्या दुपारी त्याच्या दुकानात जाऊन मुद्दाम तोंडं वेडीवाकडी केली होती. पाव तास केली. मिशीचा एक केस हलला नाही त्याच्या.

तेच मला झोंबलं असेल. कारण पुढच्याच आठवड्यात मी चिठ्ठी लिहिली, त्याच्याच अक्षरात. त्याच्या दुकानाची पाटी मी रंगवली होती, मजकूर त्याने जाड पेन्सिलीने कागदावर लिहून दिला होता, त्यामुळे अक्षर हातात होतंच. लिहिलं, "देवाचे उपकार, की मागच्या वेळी भाकर मळताना हात धुवायचे राहिले, तरी कुणाचं पोट बिघडलं नाही."

पाळकांनी वाचली. मंडळी म्हणाली, "देवाचे उपकार!" मग मागून एक खुसखुस, मग हशा. मी गालातल्या गालात हसत होतो. फाटकापाशी आज तर पावदादाच मला धरणार, मग मी म्हणणार, दादा, त्या दिवशी हसला असतास तर वाचला असतास.

तेवढ्यात पावदादा उठला. पुढे गेला. पाळकांच्या हातातून चिठ्ठी घेतली, डोळ्यांजवळ नेली.

"अक्षर माझंच आहे," तो म्हणाला.

हशा थांबला.

"मला आठवत नाही लिहिल्याचं. पण अक्षर माझं आहे, म्हणजे लिहिलं असणार मीच. आणि मी लिहिलं असेल तर खोटं कशाला लिहीन? राहिले असतील धुवायचे." त्याने आपल्या हातांकडे बघितलं, जसं दुसऱ्याचे हात आहेत. "मंडळीने मला क्षमा करावी."

आता सांगा, या घडीला उठून कोण म्हणणार होतं, की अहो थांबा, ती गंमत होती? मी म्हणायला हवं होतं. मी घसा खाकरला. शेजारून बायकोने खोकल्याची गोळी पुढे केली. मी गोळी चघळली.

त्या दिवसापासून पावदादाने भाकर भाजणं सोडलं. मंडळी दुसरीकडून आणायला लागली. तो शेवटच्या बाकावर जाऊन बसायला लागला, एकटा, भिंतीच्या कडेला. भाकरीची थाळी आली की मान हलवायचा, थाळी पुढे जायची. पाळकांनी दहादा समजावलं, "दादा, झालं ते झालं, घ्या." तो म्हणायचा, "मला स्वतःचीच खात्री नाही, पाळकसाहेब." सहा वर्षं. मी ती सहा वर्षं पुढच्या तिसऱ्या बाकावर बसून दर महिन्याला भाकर खाल्ली. पेटीत चिठ्ठी टाकणं मात्र त्या दिवसापासून बंद केलं. लोकांना वाटलं, पेंटरला वयाने शहाणपण आलं.

गेल्या वर्षी पावदादा गेला. पाठोपाठच्या महिन्यात पाळकांनी पेटीतली एक चिठ्ठी वाचली, "देवाचे उपकार, की आज पाणी गरम होतं."

"देवाचे उपकार!" मंडळी म्हणाली. कुणाच्या तरी घरचा बंब दुरुस्त झाला असेल, असं सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं.

पुढच्या महिन्यात, "देवाचे उपकार, की साबण संपला नाही."

त्याच्या पुढच्या महिन्यात, "देवाचे उपकार, की हातांच्या भेगा मिटल्या."

मंडळी आनंदाने ओरडत होती. माझ्या मानेवर मात्र कुणीतरी ओला हात ठेवल्यासारखं व्हायला लागलं. मी मागे वळून शेवटच्या बाकाकडे बघायचो. बाक रिकामा. बायको विचारायची, "काय आहे मागे?" मी म्हणायचो, "मान अवघडलीय."

मग एका सकाळी पावदादाची मुलगी माझ्या कामाच्या खोलीत आली. बेकरी आता तीच चालवते. तिशीतली, बापासारखीच सडपातळ, बापासारखीच मोजून बोलणारी. मी एका दवाखान्याच्या पाटीवर 'वेळ' रंगवत होतो.

"काका, तुम्ही अक्षरातले माणूस," ती म्हणाली. "एक काम आहे. हसायचं नाही."

तिने टेबलावर चार चिठ्ठ्या मांडल्या. तीन मी आधी सांगितलेल्या. चौथी परवाच्या रविवारी वाचलेली, "देवाचे उपकार, की मला अजून आत बोलावलेलं नाही, तरी दारात उभं राहू देतात."

"पाळकांकडून मागून घेतल्या. हे बाबांचं अक्षर आहे की कुणी त्यांची नक्कल करतंय? नक्कल असेल तर मला तो माणूस हवाय. मेलेल्या माणसाची टिंगल करणारा."

"आणि नक्कल नसेल तर?"

 तिने पर्समधून पाचवी चिठ्ठी काढली, घड्यांवर फाटलेली, पिवळी पडलेली. मी ती लांबूनच ओळखली. "ही ती सहा वर्षांपूर्वीची. बाबांनी पवित्र शास्त्राच्या पुस्तकात जपून ठेवली होती. रोज काढून बघायचे. यांच्याशी ताडून बघा."

"कशाला जपली?"

"त्यांना आठवायचं होतं. शेवटच्या आठवड्यात तर ते मला सारखं एकच विचारायचे, मी धुतले होते का गं हात? मी म्हणायची, धुतले होते बाबा. ते म्हणायचे, तू तर शाळेत होतीस. खरंच मी शाळेत शिकवत होते तेव्हा, काका. मी बघितलं नव्हतं. आता किल्लीमामा मागे लागलेत, भाकर परत तुमच्याकडून घेऊ म्हणून. मी कशी भाजू? बाबांचे हात स्वच्छ होते की नाही, हे मलाच माहीत नाही."

"ठेवून जा," मी म्हटलं. "बघून सांगतो."

ती गेल्यावर मी दार लावलं, भिंग काढलं. आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. आपण सगळे शब्द लिहून झाला की वरची रेघ डावीकडून उजवीकडे ओढतो. पेन्सिल टेकते तिथं रेघ जाड, सुटते तिथं बारीक. पावदादा डावरा होता आणि ती रेघ उजवीकडून डावीकडे ओढायचा. त्याची रेघ उजवीकडे जाड असायची. पाटी रंगवून झाली, पैसे मिळाले, तरी मला हे कधी दिसलं नव्हतं. दिसलं ते त्या दिवशी, त्याने पाटीसाठी लिहून दिलेला जुना कागद शोधून भिंगाखाली धरल्यावर.

जुन्या चिठ्ठीतल्या सगळ्या रेघा डावीकडे जाड होत्या. माझ्या. वेलांट्यांपाशी पेन्सिल अडखळलेली, नक्कल करणाऱ्याची असते तशी. नव्या चारही चिठ्ठ्यांत एकसुद्धा अडखळ नाही. भराभर लिहिलेल्या. आणि प्रत्येक रेघ उजवीकडे जाड.

मी भिंग खाली ठेवलं. कोपऱ्यातला नळ बंद होता. तरी खोलीत पाण्याचा आवाज येत होता, कुणीतरी सावकाश, बोटांच्या बेचक्यांतून हात धुतंय तसा. मी नळाला हात लावून बघितला. कोरडा. आवाज चालूच.

घरी जेवताना मी बायकोला सगळं सांगितलं. तिने आधी घास खाली ठेवला, मग बोलली.

"म्हणजे सहा वर्षं तू माझ्या शेजारी बसून भाकर खाल्लीस?"

"हो."

"पाळक दर वेळी काय सांगतात? भावाचं काही मनात असेल तर आधी जा, मिटव, मग या. तू काय करत होतास तेव्हा?"

"खिडकीबाहेर बघत होतो."

"खोकल्याची गोळी मी दिली होती तुला," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा एकदम पडला. "मी दिली होती रे." ताट उचलून ती स्वयंपाकघरात गेली. शेवटचा रविवार येईपर्यंत मी तिला रोज काहीतरी विचारत होतो, मीठ कुठंय, चष्मा कुठंय. ती बोटाने दाखवायची.

रविवारी पाळक पेटीतल्या चिठ्ठ्या घेऊन उभे राहिले. किल्लीमामांनी नुकतंच कुलूप काढून त्यांच्या हातात गठ्ठा दिला होता. पहिली चिठ्ठी उघडायच्या आधी मी उठलो.

"मला काही सांगायचंय. सहा वर्षांपूर्वीची पावदादाची चिठ्ठी मी लिहिली होती. त्याने हात धुतले होते."

आणि मंडळी हसली.

खरंच. आधी पोरं, मग बायका, मग सगळे. किल्लीमामा म्हणाले, "बस रे पेंटर, आज चांगला मुहूर्त काढलास." मागून कुणीतरी म्हणालं, "आता म्हणेल, जगबुडीसुद्धा यानेच आणली होती." पाळकही हसू दाबत म्हणाले, "आपल्या बहिणीचं मन हलकं करायचा तुमचा हेतू चांगला आहे, पण ही जागा त्याची नाही." त्यांना वाटलं, मुलीला बरं वाटावं म्हणून मी थाप मारतोय. आयुष्यभर खोटं बोलून हसवलं, आता खरं बोललो तर तेही विनोदी निघालं.  मी बसलो असतो तर तिथंच संपलं असतं. सगळे विसरले असते. पावदादाच्या नावावर ते न धुतलेले हात कायमचे राहिले असते.

"जुनी चिठ्ठी माझ्याकडे आहे," मी म्हटलं. खिशातून पाचही काढल्या आणि मुलीपाशी गेलो. ती शेवटच्या बाकावर बसली होती, बापाच्या जागेच्या शेजारी. "हे बघ. तुझे बाबा वरची रेघ कुठून ओढायचे?"

ती बघत राहिली. मग तिने हवेत डावा हात उचलला आणि बाप ओढायचा तशी रेघ ओढली. उजवीकडून डावीकडे.

"आता जुन्या चिठ्ठीवर बघ, रेघ कुठं जाड आहे."

तिने बघितलं. पुन्हा बघितलं. बोट फिरवलं त्यावरून. चर्चमध्ये आता कुणी हसत नव्हतं.

"डावीकडे," ती म्हणाली.

"मी उजवा आहे."

तिने वर माझ्याकडे बघितलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. "तुम्हाला माहीत होतं," ती हळू आवाजात म्हणाली, "ते शेवटी काय विचारत होते. त्या दिवशी मी तुम्हाला सांगितलं. आणि तुम्ही म्हणालात, बघून सांगतो."

"हो."

"आणि या चार?"

"त्या मी लिहिलेल्या नाहीत. कुणीच नक्कल केलेली नाही त्यांत."

पुढे पाळकांना काय करावं सुचेना, म्हणून त्यांनी तेच केलं जे करायचं होतं. पहिली चिठ्ठी उघडली. वाचायला तोंड उघडलं आणि थांबले. चष्मा काढला, पुसला, घातला.

"वाचा," किल्लीमामा म्हणाले.

"देवाचे उपकार," पाळकांनी वाचलं, "की तो उठला."

कुणी काही म्हटलं नाही. पेटीचं कुलूप निघालं तेव्हा मी अजून बसलेलोच होतो, हे सगळ्यांनी बघितलं होतं. किल्लीमामांचा हात कमरेच्या किल्लीवर गेला. पोरांनी आयांचे पदर धरले. मग शेवटच्या बाकावरून एकटीचाच आवाज आला, फाटलेला, पण स्पष्ट.

"देवाचे उपकार."

त्या दिवशी प्रभुभोजन झालं नाही. पाळक म्हणाले, आज नको, पुढच्या रविवारी, आणि भाकर आपल्या बहिणीकडून येईल, तिची तयारी असेल तर. मला त्यांनी बाजूला घेऊन सांगितलं, की तुम्हाला भाकर द्यायची की नाही हे मी ठरवणार नाही, ती ठरवेल.

शनिवारी दुपारी तिने मला बेकरीत बोलावलं. नखं कापायला लावली. कोपरापर्यंत हात धुवायला लावले आणि समोर उभी राहून बघत राहिली. तीन वेळा झाल्यावर मी विचारलं, "पुरे?"

"आणखी एकदा."

मग पीठ मळायला दिलं. मी काही तरी बोलायला गेलो. तिने फक्त बोट ओठावर ठेवलं. भाकर भट्टीत गेल्यावर ती म्हणाली, "माफ केलं असं समजू नका. बाबा सहा वर्षं उपाशी बसले होते. मी अजून मोजतेय."

"मोज," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

रविवारी थाळी तिनेच फिरवली. पाळकांनी तिच्या हाती दिली, किल्लीमामा नुसते मागे चालत होते. बायको माझ्या शेजारी बसली होती, महिन्यानंतर पहिल्यांदा. तिने एक तुकडा घेतला. थाळी माझ्यापुढून न थांबता गेली. मी मान खाली घातली. खाली बघताना मला माझे हात दिसले, आणि ते नेहमीसारखेच होते, नखांच्या कडेला निळा रंग.

थाळी शेवटच्या बाकापाशी पोचली. तिथं कुणी बसलेलं नव्हतं. पावदादाची मुलगी थांबली. भिंतीच्या कडेच्या जागेसमोर उभी राहिली, भाकरीचा एक तुकडा मोडला आणि बाकाच्या उघड्या फळीवर ठेवला. पाळकांनी ते बघितलं आणि दुसरीकडे नजर वळवली. शेवटचं गाणं सुरू झालं.

उपासना सुटली. लोक फाटकाकडे गेले. मी मात्र मागे रेंगाळलो आणि शेवटच्या बाकापाशी गेलो. फळीवर तुकडा नव्हता. कण नव्हता. फळी मात्र ओली होती, तळव्याएवढी, पाच बोटांसकट, डाव्या हाताची. माझ्या डोळ्यांदेखत ती बोटं एकेक करून एकमेकांत मिसळत होती आणि पाणी कडेवरून थेंब थेंब खाली पडत होतं.

किल्लीमामा खिडक्या लावत लावत आले. वाकून बघितलं. तोवर नुसतंच पाणी उरलं होतं.

"पेंटर, हा काय प्रकार? देवाच्या घरात पाणी सांडतोस? तुझंच काम ना हे?"

"हो मामा," मी म्हटलं, "माझंच," आणि खिशातला रुमाल काढून फळी पुसायला लागलो.